वजन वाटता येतं, रुंदी नाही

आज मनासमोर एक वाहन आणू या. ते ताशी पाच किलोमीटरने चालतं, त्यामुळे आपणही सावकाश जाऊ.

अंबरनाथ पूर्वेला आनंदनगर एमआयडीसीतल्या एखाद्या फॅब्रिकेशन शॉपचं शटर पूर्ण वर गेलंय, असं समजा. आत दोन सॅडलवर एक लांबलचक दंडगोल भांडं आडवं ठेवलंय. रिअॅक्टर असो, कॉलम असो की हीट एक्स्चेंजर, शॉपमधली माणसं त्याला ‘जॉब’ म्हणतात. ड्रॉइंग हाती आल्यापासून डिस्पॅच होईपर्यंत तो जॉबच. प्लेटा रोल करून शेल झाले, दोन्ही टोकांना डिश-एंड बसले, वेल्डिंगचे एक्स-रे निघाले, आत पाणी भरून दाब देऊन पाहिला, रंग सुकला. कित्येक महिन्यांचं काम पुरं झालं आणि आता जॉब निघायचा आहे.

बाहेर यार्डात ट्रेलर उभा आहे. त्याला फाळके नाहीत, हौदा नाही. नुसता एक सपाट लोखंडी पाट आणि त्याखाली चाकांच्या ओळींमागून ओळी. पुढे पुलर, म्हणजे ओढणारा ट्रक, जोडलाय. पुलरच्या पाठीवर काँक्रीटचे ठोकळे लादले आहेत. त्यांचा मालाशी काही संबंध नाही. पुलरची स्वतःची चाकं रस्त्याला घट्ट धरून राहावीत, चढावर जागच्या जागी फिरू नयेत, म्हणून हे वजन मुद्दाम वागवायचं असतं.

सगळा ट्रेलर एकदम नजरेत घेऊ नका. एकाच ओळीपाशी खाली बसा. टायर लहान आहेत, गुडघ्याच्या जरा वर येतील एवढेच. एका ओळीत आठ. चार डाव्या अंगाला, चार उजव्या. प्रत्येक अंगाची चौकडी एका आडव्या दांड्यावर आहे, तो दांडा एका वाकड्या लोखंडी हाताला टांगलेला आहे, आणि हाताच्या आणि पाटाच्या मधे एक हायड्रॉलिक सिलिंडर उभा आहे. सिलिंडरला जाड काळा होज जोडलेला. होजच्या तोंडाशी बोट फिरवलं तर तेलाचा बारीक चिकटपणा लागतो. साध्या ट्रकला इथे स्प्रिंगचे पाटे असतात, या ट्रेलरला तेल आहे.

ट्रकच्या पाट्यांचा स्वभाव असा, की ज्या चाकाखाली उंचवटा आला त्याच्यावर जास्त भार आणि जे चाक खड्ड्यावर आलं त्याच्यावर कमी. इथे तसं होत नाही. एका गटातले सगळे सिलिंडर एकाच नळीने जोडलेले असतात आणि बंद तेलातला दाब सगळीकडे सारखाच राहतो. पास्कलने सतराव्या शतकात मांडलेला हा नियम आपण शाळेत पाठ केला आणि विसरून गेलो. चाक खड्ड्यात उतरलं की त्याचा सिलिंडर लांब होतो, उंचवट्यावर चढलं की आखडतो, आणि दोन्ही वेळा त्याच्यावरचा भार होता तेवढाच राहतो. पालखीच्या भोयांत एखादा उंच असला तर दांडा त्याच्याच खांद्यात रुततो आणि ठेंगण्याचा खांदा मोकळा सुटतो. प्रत्येक भोयाला पाय हवे तेवढे लांब-आखूड करता आले असते तर सगळ्यांच्या खांद्यांवर सारखाच भार आला असता. या ट्रेलरचं मूळ एवढंच आहे. जर्मनीच्या गोल्डहोफर आणि शॉयर्ले, फ्रान्सच्या निकोलस या कंपन्यांनी त्यावर कितीही बारकावे चढवले असले तरी.

या ओळी मिळून तीन किंवा चार गट करतात. तीन गट म्हणजे तीन पायांचं स्टूल, जमीन कशीही असो, डुगडुगणार नाही. पण त्या त्रिकोणाच्या बाहेर भाराचा मध्य गेला तर कलंडेल. चार गट केले तर पाया रुंदावतो, मात्र पाटाला पीळ बसू शकतो आणि तो वरच्या जॉबपर्यंत पोचतो. कोणता गट कुठे संपवायचा हे जॉबच्या भाराचा मध्य पाहून ठरवतात. रस्ता एका बाजूला उतरता असेल, आणि पावसाच्या पाण्यासाठी आपले सगळेच रस्ते थोडे उतरते असतात, तर उतरत्या बाजूच्या गटात तेल सोडून पाट पुन्हा सपाट करतात. हे काम करणारा माणूस ट्रेलरच्या बाजूने चालत असतो. हातात टॉर्च, नजर प्रेशर गेजवर. गेजचा काटा सरकला की तो हाक देतो आणि ऐंशी-नव्वद टायर जागच्या जागी थांबतात.

आता एक छोटा हिशेब, तोही शांतपणे करू.

आपल्या देशात अशा ट्रेलरच्या एका ओळीला 18 टन भार धरतात. आठ टायर, म्हणजे एका टायरवर सव्वादोन टन. शेजारून जाणारा रोजचा ट्रक पाहा. जुलै 2018 मध्ये केंद्र सरकारने मालवाहनांच्या अॅक्सलची मर्यादा वाढवली. चार टायरांच्या एका अॅक्सलला पूर्वी 10.2 टन चालत, ते 11.5 टन झाले. चाराने भागा. एका टायरवर पावणेतीन टनांहून जास्त. म्हणजे खडी भरून बदलापूरकडे निघालेला नेहमीचा ट्रक रस्त्याला ज्या जोराने दाबतो, त्याहून हा अजस्र ट्रेलर टायरामागे कमीच दाबतो. अवाढव्य गाडी पाहून आपल्या मनात पहिली भीती येते ती रस्ता खचण्याची. ती भीती इथे थोडी सैल सोडायला हरकत नाही. डांबराला आणि काँक्रीटला एकूण वजन कळत नाही, त्यांना कळतो तो त्या घडीला अंगावर असलेला टायर.

पुलाला मात्र बेरीज कळते. तिथे थांबायला हवं.

ओळींमधलं अंतर साधारण दीड मीटर असतं. सहा मीटरच्या मोरीवर एका वेळी चार ओळी येतात, म्हणजे 72 टन. आपल्याकडे महत्त्वाच्या रस्त्यांवरचे पूल ज्या ‘70 आर’ भारासाठी आखतात, त्यात साडेचार-पावणेपाच मीटर लांबीच्या साखळीपट्ट्याच्या वाहनाचे 70 टन धरलेले असतात. लहान मोरीला हा पाहुणा अगदीच अनोळखी नाही. पण गाळा तीस मीटरचा असला तर त्यावर वीस ओळी मावतात, 360 टन. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पूलभारांच्या संहितेत यासाठी एक वेगळं ‘विशेष वाहन’ आहे: वीस ओळी, त्यांचे 360 टन, पुढच्या पुलरचे 25, मिळून 385. त्याच्या अटी मला नेहमी मनन करण्याजोग्या वाटतात. पुलावर दुसरं एकही वाहन नको. वेग ताशी पाच किलोमीटर. गाडी रस्त्याच्या मध्यावरूनच जाणार, फार तर 300 मिलिमीटर इकडेतिकडे. या तीन गोष्टी पाळल्या तर हादऱ्यांचा वाढीव भार धरावा लागत नाही, ब्रेकचा जोर धरावा लागत नाही, एका कडेच्या गर्डरवर जास्त बोजा येत नाही.

म्हणजे वजन पेलायचं ते नुसत्या लोखंडाने नाही, वागण्यानेही. तोच पूल, तोच ट्रेलर. मधून, एकट्याने, सावकाश गेला तर पूल त्याला पार करतो. कडेने, रहदारीत मिसळून, घाईत गेला तर त्याच पुलाच्या बाबतीत मी खात्री देणार नाही. आपल्याकडे रात्री दोन वाजता पूल रिकामा मिळाला की पुलर थोडा दामटायचा मोह होतो. हा मोह फार धोक्याचा आहे, आणि त्याला आवर घालणारा माणूस पथकात असणं ही पहिली गरज आहे.

पुलाचं वयही हिशेबात घ्यायला हवं. कल्याणचा पत्री पूल आठवा. 1914 चा. 3 जुलै 2018 ला अंधेरीच्या गोखले पुलाचा भाग कोसळला, त्यानंतर जुन्या पुलांच्या तपासण्या झाल्या, पत्री पूल धोकादायक ठरला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पाडला गेला. नवा पूल सुरू व्हायला 25 जानेवारी 2021 उजाडलं. दोन वर्षांहून जास्त काळ कल्याण-शीळ मार्गावर लोकांनी काय सोसलं, हे इथल्या कुणालाही सांगायची गरज नाही. रोजच्या रहदारीने थकलेल्या पुलावर एका रात्रीचं पाहुणेपण लादायचं की नाही, याचं उत्तर पुलाच्या जुन्या कागदांत सापडत नाही. त्यासाठी पुलाखाली जाऊन बेअरिंग पाहावी लागतात, गर्डरच्या तड्यांवर बोट फिरवावं लागतं. वालधुनीवरचे लहान पूल तर आणखी नीट पाहायला हवेत. त्या नदीत वर्षानुवर्षं काय काय सोडलं गेलं हे आपण जाणतो, आणि असं पाणी काँक्रीटवर दया करत नाही.

एवढं झाल्यावरही मी म्हणेन, वजनाचा प्रश्न सुटणारा आहे. ओळी वाढवा, भार वाटा. जिथे पूल नाहीच म्हणतो तिथे ओढ्यातून तात्पुरती वाट करा. हायड्रॉलिक ट्रेलरने वजनाची बाजू खरोखरच सोपी करून ठेवली आहे. आता जी बाजू त्याला सोपी करता येत नाही, तिच्याकडे वळू.

8 जुलै 2019. महाराष्ट्रातून एक जॉब तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राकडे निघाला. तो एक आडवा ऑटोक्लेव्ह होता. कार्बनच्या धाग्यांचे हलके भाग उष्णता आणि दाब एकाच वेळी देऊन पक्के करायचं हे भांडं. अंतर सुमारे 1700 किलोमीटर. एरवी ट्रकला आठवड्याच्या आतबाहेरचं काम. गाडीला 74 टायर, सोबत 32 जणांचं पथक. तो पोचला 19 जुलै 2020 ला. वर्षाहून अधिक. सरासरी काढली तर दिवसाला पाच किलोमीटरही भरत नाहीत.

त्याचं वजन किती असेल, मनाशी अंदाज करा. एवढ्या कहाणीनंतर तीनशे-चारशे टन डोळ्यांसमोर येतात. ते होतं 70 टन. आत्ताच आपण हिशेब केला, एका ओळीला 18 टन. ट्रेलरच्या लोखंडाचं स्वतःचं वजन वजा केलं तरी पाच-सहा ओळींत बसेल असं. या धंद्यात 70 टनांना कुणी अवजड म्हणून वेगळं काढत नाही. मग वर्ष कशात गेलं? उंची साडेसात मीटर आणि रुंदी 6.65 मीटर. सर्वसाधारण मालवाहनाला 2.6 मीटर रुंदी चालते. हा त्याच्या अडीच पट रुंद. शिवाय महामार्गावरच्या पुलाखाली साधारण साडेपाच मीटर मोकळी जागा ठेवतात, म्हणजे वाटेतला प्रत्येक असा पूल त्याच्यासाठी बंद दार. झाडांच्या फांद्या काढा, वीज बंद करून तारा उतरवा, रहदारी थोपवा, राज्य बदललं की परवानग्या नव्याने, आणि त्यात टाळेबंदी येऊन पडलेली. चार राज्यं ओलांडत ती माणसं पुढे सरकत राहिली. त्यांच्याबद्दल मला फार आदर वाटतो. घरापासून वर्षभर लांब, रस्त्याच्या कडेला चूल, आणि सगळं लक्ष एका भांड्याला ओरखडा उठू नये याकडे.

इथे जरा डोळे मिटा. 70 टन आणि 6.65 मीटर हे दोन आकडे शेजारी ठेवा. पहिला आकडा तेलाने वाटून घेतला. एकेका टायरच्या वाट्याला तो इतका बारीक होऊन आला की रस्त्याला जाणवलाही नाही. दुसरा आकडा मात्र अंबरनाथला असता तरी 6.65, बंगळुरूला असता तरी 6.65. शंभर टायर लावा, हजार लावा, तो मिलिमीटरभर कमी होत नाही. रुंदीचं ओझं ट्रेलर घेऊ शकत नाही. ते ज्या गावातून जायचं त्या गावाला घ्यावं लागतं.

गावाने ते घ्यायचं म्हणजे काय, हे पाहायला उल्हासनगरात जाऊ. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना कल्याणच्या लष्करी छावणीच्या बराकींत जागा मिळाली आणि 8 ऑगस्ट 1949 ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते या वस्तीला शहराचं नाव मिळालं. पाच कॅम्प, जेमतेम तेरा चौरस किलोमीटर आणि त्यात दाटलेली लाखोंची वस्ती. बराकीतल्या खोलीपुढे पडवी आली, पडवीचं दुकान झालं, दुकानापुढे पत्रा आला, पत्र्याला बोर्ड लागला, बोर्डावर दिवे चढले. शून्यातून उभ्या राहिलेल्या माणसांनी प्रत्येक फूट कमावलेला आहे. कल्याण-अंबरनाथ रस्ता रुंद करताना त्यातली कित्येक दुकानं पुढून कापली गेली, तेव्हा फुटाफुटाची किंमत साऱ्या शहराने पाहिली. अशा रस्त्यावरून सहा मीटरचा जॉब काढणं म्हणजे शेकडो माणसांकडे एका रात्रीसाठी थोडी थोडी जागा उसनी मागणं. पत्रा वर घ्या, बोर्ड उतरवा, टेम्पो हलवा, रिक्षा स्टँड मोकळा करा. प्रत्येकाचं नुकसान लहान असतं, म्हणून ते कुणाच्या हिशेबात येत नाही. वाहतुकीच्या बिलात पुलरचं डिझेल असतं, ओळींचं भाडं असतं, पायलट गाडी असते. पत्र्याच्या बोल्टचा खर्च त्यात नसतो.

म्हणून कुणी विचारलं तर मी सरळ सांगेन, उल्हासनगरातून रुंद जॉब काढूच नये. त्यासाठी काटई-बदलापूर पाइपलाइन रोड आहे. आनंदनगरहून नेवाळी नाका, पुढे खोणी, तिथून तळोजा, कळंबोली आणि बंदर. पण हीही वाट आता पूर्वीसारखी मोकळी राहिलेली नाही. दोन्ही बाजूंना टॉवर उभे राहिलेत, मधे दुभाजक आलेत, नाक्यावर बारापर्यंत चहाच्या टपऱ्या चालू असतात. एकेका दुभाजकाने आणि एकेका वीजवाहिनीने आपण आपल्याच कारखान्यांची तोंडं अरुंद करतो आहोत, आणि तसं करताना कुणी कारखान्याला विचारलेलं नसतं.

आता जागा बदला. ट्रेलरच्या बाजूला नको, मागे अडकलेल्या रांगेत उभे राहा.

रात्री साडेबाराच्या पुढची वेळ. शेवटच्या गाड्यांपैकी एका लोकलने उतरलेली माणसं स्टेशनबाहेर शेअर रिक्षात बसली आहेत. एक दुसरी पाळी संपवून आलेला, एक रुग्णालयात दिवसभर थांबून कपडे बदलायला घरी निघालेली बाई, मागच्या सीटवर पेंगणारा मुलगा. रिक्षा चौकात येते आणि पुढे सगळा रस्ता भरून लोखंड उभं. इंजिन चालू, चाकं थांबलेली, वर बांबूच्या काठीने तार उचलून धरलेला माणूस. रिक्षावाले काका इंजिन बंद करतात. ‘अहो, किती वेळ?’ बाई विचारते. ‘आता ताई, हा गेल्याशिवाय काय खरं नाही.’ दहा मिनिटं, वीस मिनिटं. त्या रांगेत एखादी रुग्णवाहिका असेल तर काय, हा प्रश्न मनात येऊ द्या, लगेच बाजूला सारू नका. सहा मीटरच्या जॉबच्या बाजूने रुग्णवाहिका काढायला जागा नसते. चांगलं पथक तिची वाट आधीच दुसऱ्या रस्त्याने लावून ठेवतं, रुग्णालयांना आणि अग्निशमन दलाला वेळ कळवून ठेवतं. ज्या पथकाने हे केलेलं नाही त्याचा ट्रेलर कितीही आधुनिक असो, मी त्याला व्यवहार्य म्हणणार नाही.

तारेपाशीही क्षणभर थांबू. महावितरणने लाइन बंद केल्याचं लेखी मिळाल्याशिवाय ती काठी वर जाता कामा नये. रेल्वेची 25,000 व्होल्टची तार तर काठीने उचलायची गोष्टच नव्हे. विद्युतीकरण झालेल्या मार्गावरच्या फाटकांना दोन्ही बाजूंनी लोखंडी कमानी असतात, पावणेपाच मीटरच्या आसपास उंचीच्या. कमानीखालून जात नसेल तर जात नाही, मग रेल्वेशी वेगळं बोलणं आणि वेगळा ब्लॉक.

हे सगळं मनात बसलं की एक प्रश्न आपोआप वर येतो. एवढं मोठं, एकसंध, नेलंच पाहिजे का?

मोठी कामं तुकड्यांत होऊ शकतात, आणि झालीही आहेत. अंबरनाथच्या शिवमंदिराकडे या नजरेने पाहा. शके 982 चा, म्हणजे 1060 सालचा शिलालेख असलेलं शिलाहारांचं हे मंदिर काळ्या दगडाचं, पण त्यातला प्रत्येक दगड जागेवर आणून बसवता येईल अशाच मापाचा. आपल्या काळात या. फ्रान्समध्ये उभ्या राहणाऱ्या ‘इटर’ या संलयन भट्टीचं बाहेरचं आवरण, क्रायोस्टॅट, लार्सन अँड टुब्रोने सुरतजवळ हजीऱ्याला बनवलं. जवळपास तीस मीटर रुंद, तेवढंच उंच, वजन साडेतीन हजार टनांच्या पुढे. ते एकसंध कुठेच गेलं नाही. 54 भाग केले, कारखान्याच्या स्वतःच्या धक्क्यावरून जहाजात चढवले आणि तिकडे भट्टीच्या शेजारी शेड उभारून जोडले. शेवटचे भाग 30 जून 2020 ला हजीऱ्याहून रवाना झाले. त्या दिवशी आपला 70 टनांचा ऑटोक्लेव्ह अजून रस्त्यावरच होता. हे भाग लहान करूनही फ्रान्सने बंदरापासूनचा 104 किलोमीटरचा रस्ता आधी रुंद केला, पूल मजबूत केले, आणि 2013 च्या सप्टेंबरमध्ये 800 टनांचा नुसता चाचणीचा बोजा 352 चाकांवर घालून फिरवून पाहिला. खरा माल यायच्या कितीतरी आधी.

विजेच्या क्षेत्राने तर तुकडे करणं हा नियमच करून टाकला आहे. खूप मोठ्या क्षमतेचे ट्रान्सफॉर्मर तिन्ही फेज एका टाकीत न ठेवता अनेकदा एकेका फेजचे तीन वेगळे करतात, कारण एकत्र केला तर तो रस्त्याने न्यायचा कसा? प्रवासात त्यातलं तेलही काढून घेतात, आत कोरडी हवा किंवा नायट्रोजन भरतात आणि अंगावर धक्के नोंदवणारं यंत्र लावतात. वाटेत कुठे किती आदळला हे पोचल्यावर वाचता येतं. चंद्रपूरहून उच्चदाबाची एकदिश वीज जिथे येऊन उतरते ते पडघ्याचं केंद्र आपल्या कल्याणपासून लांब नाही. तिथली अवजड यंत्रं एका दिवसात उगवलेली नाहीत, कुणीतरी ती अशीच सावकाश आणून ठेवली.

तरीही तुकड्यांचा मार्ग सरसकट बरोबर धरू नका. दाबाचं जाड भांडं शॉपमध्ये वेल्ड झालं, भट्टीत तापवून त्याच्यातला ताण काढला, मग दाब देऊन तपासलं, तर त्या कामाला एक खात्री असते. तेच बदलापूरच्या जुलैमध्ये, ताडपत्रीखाली, अंगावर तिरका पाऊस घेत जोडायचं म्हटलं तर इलेक्ट्रोड कोरडे ठेवण्यापासून झगडा सुरू होतो. जिथे भांडं फुटलं तर माणसं मरतील तिथे मी शॉपमधल्या वेल्डच्या बाजूने उभा राहीन आणि रुंदी सोसायला तयार होईन. ऑटोक्लेव्ह एकसंध नेला, याला कारण होतं. पण कित्येक जॉबना असं कारण नसतं. साठवणीच्या टाक्या, धुराड्यांचे भाग, मोठी डक्ट्स, प्लॅटफॉर्म. तिथे एकसंध बनवणं ही केवळ ड्रॉइंग करणाऱ्याची सोय असते, आणि त्या सोयीची किंमत पुढे रस्त्यावर शेकडो अनोळखी माणसं भरतात. माझा खरा आक्षेप इथे आहे.

आणि लहान कारखानदाराचीही बाजू घ्यायला हवी. ऑर्डर घेताना तो प्लेटचा भाव काढतो, वेल्डिंगचे तास काढतो, वाहतुकीसाठी अंदाजे एक रक्कम धरतो. जॉब तयार झाला, ट्रेलर येऊन लागला, आणि रूट सर्व्हेत कळलं की फाट्यावरची तार वीस सेंटिमीटर खाली आहे. परवानगी येईपर्यंत ट्रेलर उभा, ट्रेलर उभा तोवर भाडं चालू. त्यात जून उजाडला तर पावसाने वाट बंद. नफा तिथेच, यार्डाच्या दारात संपतो. आनंदनगर आणि मोरिवलीच्या पट्ट्यात अशी छोटी शॉप्स बरीच आहेत आणि त्यांच्या कारागिरांचा हात चोख आहे. त्यांच्याकडून मोठी कामं निसटतात ती हाताच्या कमतरतेने नव्हे, दारासमोरच्या रस्त्यामुळे.

यावर उपाय ट्रेलरच्या कंपनीकडे नाही. तो आपल्या पालिकांकडे, एमआयडीसीकडे, रस्ते आणि वीज सांभाळणाऱ्या खात्यांकडे आहे, आणि फार खर्चाचाही नाही. आनंदनगर ते खोणी, बदलापूर ते काटई, एवढ्या वाटांवरची प्रत्येक तार किती उंच, प्रत्येक मोरी किती टनांची, प्रत्येक वळणाची त्रिज्या किती, कुठला दुभाजक काढता येण्याजोगा, हे एकदा मोजून जाहीर करावं आणि दरवर्षी मे महिन्यात ताजं करावं. बदलापूरजवळ भोज ते मोरबे डोंगरातून वडोदरा-मुंबई महामार्गाच्या शाखेचा सुमारे चार किलोमीटरचा बोगदा झाला आहे. त्याचं माप कायमचं ठरलेलं आहे, तेही या कागदावर यावं. दुभाजक बांधताना रुंद जॉबच्या वाटेवर उचलून बाजूला ठेवता येतील असेच बसवावेत. नवी वाहिनी टाकताना नाक्यावर ती जमिनीखालून न्यावी.

असा कागद हाती असला तर अंबरनाथच्या शॉपमधली इंजिनिअर मुलगी ऑर्डरवर सही होण्याआधीच साहेबांना सांगू शकेल: ‘सर, साडेचार मीटरपर्यंत एकसंध करू, खोणीमार्गे दोन रात्रींत निघेल. पाचाच्या पुढे गेलं तर मधे फ्लँज देऊ आणि दोन तुकड्यांत पाठवू.’